आराखडा रात्रपाळीसाठी लिहा : एकदम पन्नास जखमी दारात आले तर

किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे चारच्या आत. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली ती १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास. भोपाळची वायुगळती मध्यरात्री झाली. २६/११ चा हल्ला रात्री साडेनऊनंतर सुरू झाला आणि तीन रात्री चालला. तरीही बहुतेक रुग्णालयांच्या आपत्ती आराखड्याची फाईल उघडून पाहा. पहिल्या पानावर वैद्यकीय अधीक्षक, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, अधिसेविका अशी नावांची उतरंड असते आणि सगळे हजर आहेत असं धरूनच पुढचं लिहिलेलं असतं. रात्री दीड वाजता प्रत्यक्षात एक मेडिकल ऑफिसर, तीन-चार सिस्टर, एक-दोन कक्षसेवक, एक मावशी आणि गेटवर वॉचमन असतो. अधीक्षकांचा फोन लागेपर्यंत पहिला टेम्पो पोर्चमध्ये येऊन थांबलेला असतो.

हा लेख पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयांसाठी आहे. महामार्गालगतचं उपजिल्हा रुग्णालय, यात्रेच्या गावचं ग्रामीण रुग्णालय, तालुक्याचं ट्रस्टचं हॉस्पिटल. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांकडे निवासी डॉक्टरांची फौज असते, त्यांचं गणित वेगळं.

आधी आपली खरी ताकद मोजा

खाटा मोजू नका, हात मोजा. गंभीर जखमीला पहिल्या तासात एक डॉक्टर आणि एक सिस्टर जवळजवळ पूर्णवेळ लागतात. म्हणजे रात्री दोन डॉक्टर असतील तर तुमची गंभीर रुग्णांची क्षमता दोन आहे. बाकीच्या अठ्ठ्याण्णव खाटा मोकळ्या असल्या तरी हा आकडा हलत नाही. अर्ध्या तासात निवासस्थानातून आणि गावातून आणखी किती जण येऊ शकतात ते नावानिशी लिहा. मुख्यालयी राहण्याचा कागदावरचा पत्ता इथे उपयोगाचा नाही. माणूस रात्री खरोखर कुठे झोपतो ते विचारा.

मग दोन आकडे ठरवा. एवढे जखमी आले तर नेहमीच्या पद्धतीने भागेल, हा पहिला. याच्या वर गेले की आपत्ती जाहीर, हा दुसरा. समजा, एकाच वेळी तीन गंभीर किंवा एकूण पंधरा जखमी. आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पण तो भिंतीवर लिहिलेला हवा. वाद आकड्याशी घालता येत नाही, माणसाशी घालता येतो.

जाहीर कोण करणार

बहुतेक आराखडे इथेच अडतात. माझ्या मते आपत्ती जाहीर करण्याचा अधिकार कॅज्युअल्टीत हजर असलेल्या मेडिकल ऑफिसरला असावा, आणि तो ओटीत (शस्त्रक्रियागृहात) अडकला असेल तर ड्यूटीवरच्या इनचार्ज सिस्टरला. अधीक्षकांनी तसं लेखी आदेशात द्यावं आणि त्यात एक वाक्य ठळक घालावं : जाहीर करून नंतर गरज पडली नाही तर कुणाला जाब विचारला जाणार नाही. हे वाक्य नसेल तर रात्रीचा कनिष्ठ डॉक्टर ‘साहेबांना विचारून बघतो’ म्हणत वीस मिनिटं घालवतो. त्याला दोष देता येत नाही.

घटनेची खबर देणाऱ्याला पाच गोष्टी विचारायच्या आणि फोनशेजारच्या छापील कागदावर टिपायच्या : नेमकं ठिकाण, काय घडलं, अंदाजे किती जखमी, वायू-रसायन-आग असा काही धोका आहे का, आणि कोणकोण तिथे पोचलंय. खबर देणाऱ्याचा नंबर उतरवून घ्या आणि लगेच उलट फोन करून खात्री करा.

मग बोलावणं. व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश टाकणं म्हणजे बोलावणं नव्हे, रात्री दोनला तो कुणी वाचत नाही. साखळी ठेवा : पहिल्याने तिघांना फोन करायचा, त्या तिघांनी प्रत्येकी तिघांना. मोठ्या घटनेनंतर मोबाईल कोलमडतात. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल बॉम्बस्फोटांनंतर ते लाखो लोकांनी अनुभवलं. म्हणून लँडलाईन चालू ठेवा, पोलीस ठाण्याच्या वायरलेसची मदत कशी घ्यायची ते आधीच बोलून ठेवा, आणि वसाहतीत जाऊन दारं वाजवायला एक माणूस नेमा. शेवटचा उपाय सर्वांत खात्रीचा आहे.

गेट

वॉचमन हा आपत्तीच्या पहिल्या दहा मिनिटांतला सर्वांत महत्त्वाचा कर्मचारी असतो आणि प्रशिक्षणात त्याला कुणी बोलावत नाही. त्याला तीन कामं द्या. गाड्या एका दाराने आत आणि दुसऱ्या दाराने बाहेर. पोर्चमध्ये गाडी उभी ठेवायची नाही, जखमी उतरवला की पुढे. आणि बाकीची सगळी दारं बंद. एकच फाटक असेल तर मधोमध दोरी बांधून दोन रांगा करा. मोटारसायकलींचं पार्किंग पोर्चसमोर असेल तर ते आजच हलवा, त्यासाठी आपत्तीची वाट कशाला पाहायची?

जखमी कसे येतात हेही समजून घ्या. आराखड्यात ॲम्ब्युलन्स येतात, प्रत्यक्षात जीप, टेम्पो, रिक्षा येतात. २००६ च्या लोकल स्फोटांनंतर रुळांलगतच्या वस्त्यांतल्या लोकांनी घरातल्या चादरींचे स्ट्रेचर केले आणि मिळेल त्या गाडीतून जखमी रुग्णालयांत पोचवले. राज्यात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, तरी पहिली लाट गावकऱ्यांच्याच गाड्यांतून येणार. या लाटेत चालते-बोलते जखमी जास्त असतात, कारण ते स्वतः उठून गाडीत बसतात. अडकलेले, बेशुद्ध, रक्त गेलेले मागून येतात. पहिल्या वीस जणांना कॅज्युअल्टीच्या टेबलांवर घेतलं, तर खरे गंभीर येतील तेव्हा एकही टेबल मोकळं नसतं. कॅज्युअल्टी मागून येणाऱ्यांसाठी राखायची, हे मनाला पटायला जड जातं. म्हणूनच ते आधी ठरवावं लागतं.

ट्रायाज : दारातली निवड

पोर्चमध्ये एकच माणूस निवड करणार. तो सर्वांत ज्येष्ठ सर्जन नको, त्याचे हात ओटीत हवेत. अनुभवी मेडिकल ऑफिसर किंवा कॅज्युअल्टीची जुनी सिस्टर उत्तम. तिच्याजवळ रंगीत फितींची पेटी घेतलेला एक कक्षसेवक असावा. प्रत्येक जखमीवर अर्धा ते एक मिनिट, त्याहून जास्त नाही. इथे उपचार दोनच : श्वासमार्ग मोकळा करणं आणि उसळतं रक्त दाबणं किंवा टूर्निकेट (रक्त थांबवायचा पट्टा) आवळणं.

निवडीची ‘स्टार्ट’ ही पद्धत शिकायला सोपी आहे. लाल म्हणजे आधी उपचार, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकणारा, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्यापलीकडचा. आधी मोठ्याने सांगा : ज्यांना चालता येतं त्यांनी तिकडे ओपीडीच्या हॉलमध्ये जा. जे गेले ते हिरवे. उरलेल्यांपैकी श्वास चालू नसेल त्याची मान-जबडा नीट करून श्वासमार्ग उघडा. तरीही श्वास नाही तर काळा, श्वास सुरू झाला तर लाल. श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर लाल. ‘माझा हात दाबा’ सांगितल्यावर दाबत नसेल तर लाल. या सगळ्यांतून पार झाला पण चालता येत नाही तो पिवळा.

लहान मुलांचं वेगळं. श्वास थांबलेल्या मुलाचा श्वासमार्ग उघडूनही काही झालं नाही आणि नाडी लागत असेल, तर पाच कृत्रिम श्वास देऊन पाहायचे, लगेच काळी फीत नाही. आणि त्यांच्यात श्वासाची मर्यादा मिनिटाला १५ च्या खाली किंवा ४५ च्या वर अशी धरतात.

दोन इशारे. ओरडणारा गंभीर असतोच असं नाही, गप्प पडलेल्याकडे आधी जा. आणि फीत म्हणजे निकाल नाही : हिरव्या हॉलमध्ये एक सिस्टर सतत फिरती हवी. पोटात रक्तस्राव होणारा तरुण अर्धा तास चालता-बोलता राहतो आणि मग खाली बसतो.

काळ्या फितीचा निर्णय कठीण. ज्याचा श्वास अधूनमधून चालू आहे पण डोक्याची जखम वाचण्यापलीकडची आहे, त्याच्यासाठी एरवी आपण सगळं करतो. त्या रात्री तेच दोन हात शेजारच्या वाचू शकणाऱ्याला द्यावे लागतात. अशा रुग्णाला मृतांसोबत ठेवायचं नाही. बाजूला आडोसा, वेदनाशामक, कुणीतरी जवळ, आणि लाल भाग रिकामा झाला की पुन्हा तपासणी.

जागा आणि क्रमांक

लाल रुग्ण कॅज्युअल्टीत. पिवळ्यांसाठी ओटीजवळचा वॉर्ड, त्यातले बरे रुग्ण दुसरीकडे हलवायचे. कुणाला हलवता येईल याची यादी वॉर्ड सिस्टरने रोज रात्री आठला करून ठेवली तर पाच मिनिटांत वॉर्ड रिकामा होतो. हिरवे ओपीडीत, शक्यतो वेगळ्या दाराने. मृत पूर्ण वेगळ्या बाजूला, नातेवाइकांच्या वाटेवर नाहीत.

आता खरा घोळ होतो ती गोष्ट : ओळख. पन्नास जखमी, त्यांतले वीस बेशुद्ध, सगळ्यांच्या केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५’. रक्ताची बाटली कुणाची, एक्स-रे कुणाचा? नावाच्या मागे लागू नका, क्रमांक द्या. आधीच साठ पाकिटं भरून ठेवा. प्रत्येकात एकाच क्रमांकाचे मनगटी पट्टा, केसपेपर, एमएलसीचा (पोलिसी प्रकरणाच्या नोंदीचा) कागद, रक्तनमुन्याची लेबलं, एक्स-रेची चिठ्ठी आणि सामानासाठी प्लास्टिकची पिशवी. ट्रायाजला पट्टा बांधला की तो डिस्चार्जपर्यंत सुटत नाही. नाव नंतर कळलं तर क्रमांकापुढे लिहायचं, क्रमांक बदलायचा नाही. संगणक प्रणालीत नोंदणीचा हट्ट त्या रात्री सोडा. कागद आणि काळा मार्कर पुरे.

पोलिसी कागदपत्रांसाठी उपचार थांबवायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात ते स्पष्ट केलं आहे. जखमीला आणून सोडणाऱ्यालाही अडवून ठेवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ ने त्याला संरक्षण आहे. त्याला फक्त एक विचारा : हा कुठे सापडला? हे उत्तर पुढे ओळख पटवायला कामी येतं.

पेटी, ऑक्सिजन, रक्त

आपत्ती पेटी कुलपात असेल तर किल्ली कॅज्युअल्टीतच हवी, स्टोअरकीपरच्या घरी नको. पेटीत टूर्निकेट, दाबपट्ट्या, मोठ्या व्यासाच्या इंट्राकॅथ (१६ आणि १८ नंबर), सलाईन सेट, आयसीडी ट्यूब (छातीत साठलेली हवा-रक्त काढायची नळी) आणि बॅग, सर्व्हायकल कॉलर (मानेचा पट्टा), स्प्लिंट, चादरी, कात्र्या, टॉर्च. कात्री आणि चादर कुणाला आठवत नाही आणि पहिल्या दहा मिनिटांत तेच लागतं. औषधांत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड भरपूर ठेवा. रक्तस्रावाच्या जखमीला दुखापतीपासून तीन तासांच्या आत १ ग्रॅम, दहा मिनिटांत शिरेतून. तीन तासांनंतर सुरू केलं तर फायदा तर नाहीच, अपायही होऊ शकतो. म्हणून घटनेची वेळ केसपेपरवर पाहिजे.

ऑक्सिजनचं साधं गणित भिंतीवर लावा. मोठा जंबो सिलिंडर सुमारे ७,००० लिटरचा, छोटा बी टाईप सुमारे १,५०० लिटरचा. मिनिटाला १० लिटर दिले तर छोटा अडीच तासांत संपतो, जंबो साडेअकरा तासांत. लाल भागात पाच जण ऑक्सिजनवर असतील तर एक जंबो अडीच तासांच्या आतच. सिलिंडर बदलायची स्पॅनर-किल्ली साखळीने तिथेच बांधून ठेवा.

रक्तसाठवण केंद्रात जुळणी करायला वेळ नसतो. ओ निगेटिव्ह थोडंच असतं, ते मुली आणि प्रजननवयातल्या स्त्रियांसाठी राखा. पुरुषांना तातडीत ओ पॉझिटिव्ह देता येतं. समाजमाध्यमांवर ‘रक्ताची तातडीची गरज’ असं आवाहन लगेच करू नका. तासाभरात दोनशे तरुण फाटकाशी जमतात आणि ॲम्ब्युलन्सची वाट अडते. त्यांची नावं-नंबर दुसऱ्या ठिकाणी, समजा एखाद्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात, घ्या आणि पुढच्या दिवसांत थोडेथोडे बोलवा.

इमारत कोसळल्यावर किंवा दरड पडल्यावर ढिगाऱ्याखालून काढलेल्यांसाठी एक खास सूचना. तासन्‌तास हातपाय दबलेल्या माणसाचे स्नायू मरतात आणि सुटका होताच त्यातलं पोटॅशियम रक्तात येतं. बोलता-चालता माणूस अचानक जातो तो यामुळे. शक्य असेल तर बाहेर काढण्याआधीच नॉर्मल सलाईन चालू करा, मोठ्या माणसाला तासाला साधारण एक लिटर. रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं. ईसीजी आणि लघवीचा रंग पाहा, वाढलेल्या पोटॅशियमपासून हृदयाला जपणारं कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवा, आणि डायलिसिस कुठे मिळेल तिथे फोन आधीच करा.

ओटी आणि पुढे पाठवणं

त्या रात्री ओटीत पूर्ण दुरुस्ती करायची नसते. रक्त थांबवायचं, दूषित पोकळी धुवायची, हाड स्थिर करायचं, बाहेर. एक्स-रे हा सर्वांत मोठा अडथळा असतो. ज्याने पुढचा निर्णय बदलणार नाही तो एक्स-रे उद्या.

रेफर करताना ‘सगळे सिव्हिलला’ (जिल्हा रुग्णालयाला) ही सवय महागात पडते. त्याने आपली आपत्ती फक्त चाळीस किलोमीटर पुढे सरकते. १०८ च्या नियंत्रण कक्षाला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला सांगून जखमी वाटून द्या : डोक्याच्या जखमा न्यूरोसर्जन असेल तिथे, भाजलेले बर्न वॉर्ड असेल तिथे, उरलेली हाडं आसपासच्या खासगी रुग्णालयांत. त्या रुग्णालयांशी बोलणं आधी झालेलं हवं, बिलाच्या प्रश्नासकट. आणि आधी कोण जाणार? ज्याला तुमच्याकडे मिळणारच नाही अशा उपचाराची गरज आहे आणि जो वाटेत टिकेल, तो.

नातेवाईक आणि मृत

मदतकक्ष कॅज्युअल्टीपासून लांब ठेवा, तिथे पंखा, पाणी आणि शांतपणे बोलणारी एक व्यक्ती. समाजसेवा अधीक्षक असतील तर उत्तम. जखमींची यादी दर तासाला फळ्यावर. नवीन नाव नसलं तरी ‘इतके वाजता पाहिली, बदल नाही’ असं लिहायचं. माहिती मिळते आहे हे दिसलं की गर्दी दारावर धडकत नाही. पत्रकारांशी एकच माणूस बोलेल. मंत्री-आमदारांच्या भेटी लाल भागात नकोत. हे सांगायला अधीक्षकांना जिल्हाधिकाऱ्यांचं आधीच घेतलेलं पत्र उपयोगी पडतं.

मृतांना स्वतंत्र क्रमांक, चेहऱ्याचा समोरून स्वच्छ फोटो, कपडे-दागिने-खुणांचे फोटो, सामान त्याच क्रमांकाच्या पिशवीत. नातेवाइकांना आधी फोटो दाखवा, मग मृतदेह. २९ सप्टेंबर २०१७ च्या एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले तेव्हा मृतांच्या कपाळावर क्रमांक लिहिल्यावरून टीकेची झोड उठली. ओळख झटपट पटावी म्हणून तसं केल्याचं डॉक्टरांचं म्हणणं होतं. हेतू रास्त होता, पण हातापायाला बांधलेल्या टॅगने आणि फोटोंनी तेच साधतं. २०२३ च्या बस दुर्घटनेसारखे जळालेले देह असतील तर नातेवाइकांच्या नजरेवर विसंबू नका, डीएनए नमुने घ्या. आणि प्रेतांमुळे साथ पसरते या भीतीने घाईघाईत विल्हेवाट लावू नका. जखमांनी मेलेल्या माणसांच्या देहांतून साथ पसरत नाही.

रुग्णालयच आपत्तीत सापडलं तर

२६ जानेवारी २००१ ला भुजचं जिल्हा रुग्णालयच कोसळलं आणि उपचार मोकळ्या मैदानात करावे लागले. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्यात आगीने दहा नवजात बाळं गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयातल्या टाकीतून ऑक्सिजन गळला आणि पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१६ ची रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं याच प्रश्नावर आहेत. ती वाचा, पण आज रात्री निदान एवढं पाहा : जनरेटर आणि मुख्य पॅनेल पूररेषेच्या वर आहेत का? जनरेटर चालू होतो का, की फक्त सर्व्हिसिंगची सही आहे? मागच्या जिन्याला कुलूप आहे का? ऑक्सिजनचा विभागवार व्हॉल्व्ह कुठे आहे हे रात्रीच्या सिस्टरला माहीत आहे का? अतिदक्षता कक्षातल्या प्रत्येक खाटेजवळ हवा भरायची ॲम्बू बॅग टांगलेली आहे का?

जवळ एमआयडीसी, अमोनियावर चालणारी शीतगृहं किंवा टँकरची वाहतूक असेल तर धुलाईची जागा इमारतीच्या बाहेर हवी. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला गेला तेव्हा सेंट ल्यूक्स रुग्णालयात ६४० रुग्ण आले. त्यांचे कपडे तसेच होते, आणि कर्मचाऱ्यांपैकी २३ टक्क्यांना त्रास झाला. बाहेर कपडे उतरवले की अंगावरचं बहुतांश रसायन निघून जातं, मग भरपूर पाणी. अंगणातला नळ, लांब पाईप, दोन ताडपत्र्यांचे आडोसे, बायका-पुरुषांसाठी वेगवेगळे, आणि बदलायला चादरी. एवढ्यावर काम होतं.

रंगीत तालीम

सकाळी अकराला, बॅनर लावून, फोटो काढत केलेली रंगीत तालीम ही तालीम नव्हे. वर्षातून दोनदा करा, त्यातली एक रात्री आणि न सांगता. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना किंवा एनएसएसच्या मुलांना चिठ्ठ्या द्या : ‘श्वास ३४, नाडी लागत नाही’, ‘चालता येतं, हात मोडलाय’, ‘मुलगा सापडत नाही म्हणून दारात गोंधळ घालणारी आई’. शेवटची चिठ्ठी विसरू नका. मोजायच्या गोष्टी चारच : खबरीपासून जाहीर होईपर्यंतची मिनिटं, पहिला बाहेरचा डॉक्टर पोचेपर्यंतची मिनिटं, किती जणांना चुकीची फीत लागली, आणि शेवटी किती जखमींचा क्रमांक-कागद-जागा जुळली.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. २००३ च्या कुंभात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले होते. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला सुमारे तीनशे. यात्रामार्गावरच्या रुग्णालयांनी तालमीत चेंगराचेंगरीच घ्यावी. तिथे रक्त कमी दिसतं, छाती दबून गुदमरलेले जास्त असतात, म्हणजे ड्रेसिंगपेक्षा ऑक्सिजन आणि ॲम्बू बॅग आधी संपते.

तालीम झाल्यावर त्याच रात्री, चहा घेतानाच, अर्धा तास सगळ्यांनी बसायचं. वॉचमन आणि मावशींनी आधी बोलायचं, अधीक्षकांनी सर्वांत शेवटी. निघालेल्या त्रुटींपुढे नाव आणि तारीख. पेटीतलं वापरलेलं सामान सकाळची पाळी येण्याआधी परत भरायचं. खऱ्या घटनेनंतरही हेच, फक्त त्याआधी बारा तासांहून जास्त उभे राहिलेल्यांना घरी पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळ्या नव्याने लावायच्या. टाके घालायचे राहिलेले, दुसऱ्यांदा ओटीत न्यायचे आणि ताप चढू लागलेले रुग्ण त्याच दिवशी वाढतात.